ओदे गावचा ओ

बसा मंडळी, देवळापुढच्या या पारावर जरा टेका. पाणी प्या आधी. वर येताना तुमच्यातली दोघं फाट्यावरची पाटी वाचून हसली, ते मी पाहिलं. राग नाही, सगळेच हसतात. 'ओदे'. दोनच अक्षरं. एसटीचा नवा कंडक्टर असला की तिकीट फाडताना पुन्हा एकदा विचारतो, "काय म्हणालात, ओढे?" ओढे नव्हे बाबा. ओदे.

मी सोनबा, इथल्या सडजाईचा गुरव. देवळात दिवा लावायचा आणि आल्यागेल्याला गावाची गोष्ट सांगायची, ही दोन्ही कामं आमच्या घराकडे पहिल्यापासून आहेत.

हा समोर दिसतो तो सडा. काळा, उघडा, सपाट कातळ. या टोकाला आपण बसलोय ती वरची वाडी, आणि त्या टोकाला कौलं चमकतात ती खालची वाडी. मधोमध ते उंबराचं झाड दिसतं का? कोकणातून वर येणारी घाटवाट तिथं सड्याला लागते. आणि उंबराच्या पलीकडे सडा एकदम संपतो. तो तुटका कडा. आज ऊन आहे म्हणून सगळं असं तळहातावर घेतल्यासारखं दिसतंय. श्रावणात या. धुकं उतरलं की स्वतःच्या पायातली चप्पल दिसत नाही. कातळावर पायवाट उमटत नाही, त्यामुळे इथल्या माणसालासुद्धा आपण कुठं उभे आहोत ते कळत नाही.

मागं एक प्राध्यापक आले होते. गावांच्या नावांचे अर्थ गोळा करत हिंडायचे. भला माणूस. या पारावर बसून भाकरी खाल्ली त्यांनी. म्हणाले, नाव पडतं ते बहुतेक झाडावरून, पाण्यावरून, नाहीतर जनावरावरून. विलायतेतही तसंच असतं म्हणे. कुठल्या गावाच्या नावाचा अर्थ बैल जिथून नदी उतरतात ती जागा, कुठल्याचा अर्थ मेंढ्यांचं कुरण. तिथल्या लोकांनाही आता ते ठाऊक नसतं, नुसतं नाव घेतात आणि पत्र टाकतात. आमच्या गावाचं नाव 'ओढा'वरून आलं असावं, असं त्यांचं मत पडलं. मी म्हटलं, साहेब, ओढा दाखवा. दोन दिवस हिंडले. ओढा असेल तर सापडेल! इंग्रजाच्या वेळी मोजणीवाला साहेब आला होता, त्यानं तर नकाशावर 'ओडी' लिहून ठेवलं होतं. ज्याला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं.

पण नाव झाडावरून पडलेलं नाही, पाण्यावरूनही नाही. एका बाईनं एका दुपारी जे केलं त्यावरून पडलंय. माझ्या आज्यानं मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

आठ-नऊ पिढ्यांमागची गोष्ट. तेव्हा या वस्तीला नावच नव्हतं. वरची वाडी, खालची वाडी, एवढंच. सडजाई दोघींची एकच. चैत्रात तिची पालखी निघायची, आणि पहिला खांदा कुणी द्यायचा यावरून एका वर्षी बाचाबाची झाली. बाचाबाचीची हाणामारी झाली. कुणीतरी दगड भिरकावला आणि तो वरच्या वाडीच्या केरूच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. दगड कुणाच्या हातचा, ते कधी कळलंच नाही.

केरूचा बाप सुभाना हा वरच्या वाडीचा म्होरक्या. त्याचा शब्द वाडीत चालायचा. पोराचा डोळा बांधून तो तसाच देवळात आला, देवीपुढचा भंडारा मुठीत उचलला आणि सगळ्यांदेखत बोलला, "आजपासून खालच्या वाडीच्या हाकेला या वाडीतलं कुणी ओ द्यायचं न्हाई. जो ओ देईल त्याच्या घरी मुकं मूल जन्माला येईल." खालच्या वाडीनंही तिथंच, तसाच भंडारा उचलला.

देवीचा भंडारा उचलून घेतलेली शपथ म्हणजे काय, हे तुम्हा शहरातल्या लोकांना कसं सांगू? त्या दिवसापासून एकाच सड्यावर राहणारी माणसं एकमेकांना दिसेनाशी झाली. समोरासमोर आली तर मान वळवायची. गुरं चुकून इकडची तिकडं गेली तर हाकलून द्यायची, पण सांगायला जायचं नाही. दोन्ही वाड्यांत मिळून सुईण एकच होती, खालच्या वाडीची चिमा. तिनं वर यायचं बंद केलं. म्हणजे तिला बोलावणंच बंद झालं.

केरूच्या बायकोचं नाव ठकू. घाटाखालच्या गावातून दिलेली. हसतमुख होती, पण तिच्या नशिबी एक दुःख होतं. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं राहिलं नाही. भांडणाला दोन वर्षं होत आली, तेव्हा तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. या वेळी पाच महिने सरले, सहा सरले, सातवा लागला. सुभाना वरून कडक माणूस, पण सून उंबऱ्याला अडखळली तरी तो हातातलं टाकून उठायचा, असं सांगतात.

तो श्रावण होता. घाटाखालच्या बाजारातून मीठ आणायला खालच्या वाडीच्या नऊ बाया पहाटे उतरल्या होत्या. नाचणी द्यायची आणि मीठ घ्यायचं. चिमा त्यांच्यात सगळ्यात मोठी, म्हणून पुढे ती. दुपार कलताना डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन त्या उंबरापाशी वर आल्या, आणि धुकं उतरलं. धुकं कसं उतरतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. समोरची बाई बोलता बोलता नाहीशी होते. चार पावलं टाकली तोवर उंबर गेलं. आणखी चार टाकली आणि कुठून आलो तेही गेलं.

त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. "कोन हाय?" खालच्या वाडीपर्यंत त्या हाका पोचेनात, कारण वारा कड्याकडून वरच्या वाडीकडे वाहत होता. इथं, या वाडीत मात्र प्रत्येक घरात स्वच्छ ऐकू येत होतं. बायकांचा आवाज. खालच्या वाडीचा आवाज.

आणि मग, असं सांगतात, एका घरात जातं सुरू झालं. अवेळी, दुपारचं. मग शेजारच्या घरात. मग त्याच्या शेजारी. थोड्या वेळात सगळी वाडी दळत बसली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण जात्याच्या घरघरीत हाक ऐकू आली नाही, असं म्हणता येतं ना!

ठकू पडवीत बसली होती. सातवा महिना, तिला जात्यावर बसू देत नव्हते. म्हणून तिला ऐकू येत राहिलं. पहिल्यांदा हाक उंबराच्या अंगानं आली. नंतर थोडी डावीकडून. आणि त्या हाकेपाठोपाठ दुसरा एक आवाज येऊ लागला, लांबचा, पोकळ.

"कोन हाय?"

"...हाय... हाय..."

ठकूनं ओळखलं. तो आवाज दरीचा होता. समोरच्या डोंगरावर आपटून हाक परत येत होती. उन्हात याच बाया त्या आवाजाला हसल्या असत्या, लहानपणी या कड्यावर उभं राहून दरीला चिडवत कोण खेळलं नाही? पण धुक्यात, भिजून, भिऊन, तासभर हाका मारल्यावर कुणीतरी 'हाय' म्हणतंय एवढंच माणसाला ऐकू येतं. त्या बाया आपल्याच हाकेमागं चालल्या होत्या. कड्याकडं.

ठकू उठली आणि सासऱ्यापुढं उभी राहिली. एरवी ती त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे.

"मामंजी, त्या कड्याकडं निघाल्यात. दरी त्यास्नी हाय म्हनतीया."

सुभाना जमिनीकडं बघत होता. त्यालाही ऐकू येतच होतं. तो म्हणाला, "भंडारा उचललाय पोरी. मी उचललाय."

"आन मी गप बसले, त्या पडल्या, तर?"

"तुझ्या पोटात काय हाय, ते इसरू नगंस."

"ते कसं इसरंन?" ठकू म्हणाली. "दोनदा गेलंय माझं."

केरू दारात उभा होता. ठकूनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली, आणि ती पायऱ्या उतरून सड्यावर आली. पोटावर एक हात ठेवला. म्हणे, तिनं आधी हळूच पोटाशी बोलून घेतलं. काय बोलली ते कुणाला ठाऊक नाही. मग तोंड कड्याकडं करून, वारा समोरून होता म्हणून होता नव्हता तेवढा श्वास घेऊन तिनं ओ दिला.

"ओऽऽऽ!"

तिकडं कड्यावर काय चाललं होतं, ते चिमानं पुढं जन्मभर सगळ्यांना सांगितलं. त्या बाया एकमेकींचा पदर धरून 'हाय' आलेल्या दिशेनं सरकत होत्या. इतक्यात पाठीमागून, वारा कापत, बारीकसा 'ओ' आला. सगळ्या थांबल्या. पुढं एक आवाज, मागं एक. एक पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "चिमाकाकी, कोनचं खरं?"

चिमानं विचार केला. पुन्हा हाक मारली, "कोन हाय?" पुढून आलं, "हाय... हाय..." आणि मागून आलं, "ओऽऽऽ!"

"फिरा माघारी," चिमा म्हणाली. "म्होरली दरी हाय. ती आपलंच आपल्याला परत देतीया. ओ आपुन म्हनलोच न्हाई. ओ म्हनतंय तिकडं मानूस हाय."

त्यांनी पायाखाली चाचपलं, तेव्हा कळलं की पहिल्या बाईच्या पुढं चार हात कातळ उरला होता.

त्या परत फिरल्या. चालत नव्हत्याच, बसून सरकत होत्या. हातानं कातळ चाचपायचा, पुढं सरकायचं, हाक मारायची, ओ ऐकायचा, तोंड वळवायचं. हाक आणि ओ, हाक आणि ओ. अर्ध्या कोसाला उरलेली दुपार गेली. ठकूचा घसा सुकला. ओ चिरका झाला, मग घोगरा झाला, आणि शेवटी तिनं तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर पडली.

तिकडून हाक आली. उत्तर नाही. पुन्हा आली, या वेळी घाबरलेली. ठकू छाती पिळवटून आवाज काढू बघत होती आणि आवाज निघत नव्हता.

तेव्हा तिच्या मागून ओ गेला. जाड, पुरुषी. केरू होता. ज्याचा डोळा गेला होता, तोच. त्यानं बायकोच्या खांद्यावर घोंगडी टाकली, तिला दगडावर बसवलं आणि पुन्हा ओ दिला. मग पलीकडच्या घरातलं एक जातं थांबलं. मग दुसरं. दारं उघडली. बायका, माणसं येऊन सड्याच्या कडेला उभी राहिली आणि सगळी वाडी ओ देऊ लागली. सुभाना तेवढा घरात राहिला.

तिन्हीसांजेला धुक्यातून चिमा बाहेर आली. मग तिच्या पदराला धरून दुसरी, मग तिसरी. नऊच्या नऊ. त्यांचे गुडघे सोलवटले होते आणि पाट्यांतलं मीठ निम्मं विरघळून अंगावर ओघळलं होतं. कुणीतरी शेकायला जाळ केला, कुणी गरम पेज आणली. एकमेकांशी बोलायची सवय मात्र दोन वर्षांत मोडली होती. चिमानं विचारलं, "पयला ओ कुनाचा?" लोकांनी ठकूकडं बोट दाखवलं. चिमानं तिचं पोट पाहिलं, आणि ती मटकन खाली बसली.

"भंडारा तुला ठावा हुता?"

ठकूनं मान डोलावली. आवाज नव्हताच.

पुढचे अडीच महिने सुभानाच्या घरानं कसे काढले, ते त्या घरालाच ठाऊक. ठकूचा आवाज परत येईना. महिनाभर ती नुसती कुजबुजत होती. लोक आपसात म्हणायचे, लागला भंडारा, आईपासून सुरुवात झाली. तिच्यासमोर कुणी म्हणत नसे, पण तिला कळायचं. केरू तिला म्हणे एकदाच म्हणाला, "मुकं झालं तरी आपलंच असंल की." त्यावर ती पहिल्यांदा रडली. सुभाना रोज सकाळी देवळात यायचा आणि काही न मागता बसून राहायचा. आमच्या पूर्वजानं त्याला विचारलं, "देवीला सांगायचंय का काही?" तो म्हणाला, "मी सांगून बसलोय. आता तिनं काय ऐकलं ते बघायचं."

कार्तिकात, एका उघडीप पडलेल्या सकाळी ठकूला कळा सुरू झाल्या. खालच्या वाडीला निरोप द्यायला कुणी गेलं नाही, धीरच झाला नाही. पण चिमा महिने मोजत होती. उन्हं सड्यावर येतायेता ती आपली पिशवी घेऊन दारात हजर. सुभानानं बाजूला होऊन तिला वाट दिली. तिच्या मागोमाग खालची वाडी निघाली होती, पण वर यायला कुणी धजेना. ती सगळी माणसं सड्याच्या मध्यावर, उंबरापाशी, उन्हात बसून राहिली. इकडं वरची वाडी अंगणात बसलेली. त्या दिवशी कुणी कामाला गेलं नाही.

दुपारी ठकू मोकळी झाली. मुलगी. चिमानं तिला हातात घेतलं.

मुलगी रडली नाही.

चिमानं तिला पालथं घातलं, पाठ चोळली. तळवे चोळले. मुलगी हात हलवत होती, पण आवाज नाही. बाहेर अंगणात लोकांना आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त रडणं येत नाहीये एवढं कळत होतं. एक बाई तोंडात पदर कोंबून उठून गेली. केरू भिंतीला टेकून उभा होता तो हळूहळू खाली बसला. सुभाना पडवीत. त्याच्या ओठांची हालचाल होत होती, पण देवीचं नाव घेत होता की आणखी काही, ते सांगता येत नाही.

चिमानं मुलीच्या तोंडात बोट घालून घसा साफ केला आणि नाकावर फुंकर मारली.

आणि ती रडली. अशी रडली, म्हणतात, की छपरावरचे पारवे उडाले. खणखणीत, रागावलेलं, लांबलचक रडणं. श्वास घ्यायला थांबली आणि पुन्हा त्याहून मोठ्यानं. आत ठकू हसायला लागली, आणि हसता हसता तिचाच आवाज तिला ऐकू आला. घोगरा, पण आवाज!

चिमा मुलीला तशीच गुंडाळून दारात घेऊन आली आणि सुभानासमोर उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज दरडावल्यासारखा.

"लेक हाक मारतीया. ओ द्या की!"

सुभाना उठला. ज्या तोंडानं त्यानं शपथ घातली होती, त्याच तोंडानं त्यानं ओ दिला. पहिला नीट निघालाच नाही. दुसरा निघाला. मग अंगणातल्या सगळ्यांनी दिला. उंबरापाशी बसलेल्या खालच्या वाडीला आधी ते रडणं ऐकू गेलं, मग हा ओ, आणि ती माणसं उठून सड्यावरून धावत सुटली, धावता धावता ओ देत. त्या दुपारी सड्यावर कोण कुठल्या वाडीचं, ते ओळखू येत नव्हतं. केरू एका डोळ्यानं बघत होता आणि येईल त्याला मिठी मारत होता.

संध्याकाळी सुभाना देवळात आला. मुठीत भंडारा आणला होता, तो त्यानं देवीच्या पायाशी परत ठेवला. म्हणाला, "आई, चुकीचं मागितलं हुतं. तू दिलं न्हाईस, बरं केलंस." मुलीचं नाव चिमा ठेवलं.

मीठ आणणाऱ्या बायांनी ही गोष्ट घाटाखाली नेली. तिकडचे लोक वर येणाऱ्याला सांगू लागले, धुकं लागलं तर भिऊ नका, हाक मारा, वर ओ देतात. ओ देतात ती वाडी. बोलता बोलता ओदे झालं. दोन्ही वाड्यांचं मिळून एकच नाव. प्राध्यापकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि वहीचं मागचं पान उघडलं. मग म्हणाले, "सोनबा, ओढ्याचं मी खोडून टाकतो."

आजही या सड्यावर कुणाचीही हाक आली तर आधी ओ द्यायचा, कोण ते मागाहून विचारायचं. चोर असला तरी. आणि आजही गावात मूल जन्मलं, पहिलं रडलं, की दारात जमलेल्या सगळ्यांनी त्याला ओ द्यायचा, त्यात आजोबाचा पहिला.

आता मुलं तालुक्याच्या दवाखान्यात जन्मतात. मग? फोन आहे ना! रेंज फक्त या देवळाच्या पायरीवर येते. गेल्या माघात आमच्या दत्तारामची नात झाली, तेव्हा आम्ही सत्तरऐंशी माणसं या पायरीवर दाटीवाटीनं उभी. दत्तारामनं फोन वर धरलेला. तिकडून रडणं आलं आणि आम्ही सगळ्यांनी ओ दिला. फोन तिकडं एका नर्सबाईच्या हातात होता. बाई परमुलखातली, तिला यातलं काही ठाऊक नाही. एवढ्या माणसांचा ओ ऐकून ती दचकली असणार.

मग तीही म्हणाली, "ओ!"